मागे बसा की खाली उतरा?

गेल्या जुलैतली गोष्ट. भोर तालुक्यात आत्याच्या घरी जाताना शेवटचा दोनशे पावलांचा रस्ता कच्चा आहे. भाताच्या खाचरांच्या कडेनं एक सपाट तुकडा लागतो आणि मग अंगणापर्यंत छोटासा चढ. लावणी चालू होती, आठवडाभर पाऊस उघडला नव्हता, आणि त्या सपाट तुकड्यावर लागोपाठ दोन गाड्या अडकल्या. आधी शेजाऱ्यांची टाटा सुमो, नंतर पाहुण्यांची टाटा इंडिका.

सुमोत चालवणारा एकटाच होता. मागचं एक चाक जागच्या जागी गरगरायला लागलं, चिखल उडायला लागला. त्यानं काच खाली केली आणि बांधावर उभ्या असलेल्या आम्हा चौघांना हाक मारली, "या हो, जरा मागे बसा." आम्ही मागच्या समोरासमोरच्या बाकांवर जाऊन बसलो. गाडीनं दोन हिसके दिले आणि निघाली. पंधरा मिनिटांनी इंडिका नेमकी तिथंच रुतली. तिच्यात पुढे दोघं, मागे तिघं. चालवणारा म्हणाला, "मागचे सगळे उतरा." तिघं उतरले आणि तीही निघाली.

अडकलेली गाडी हलकी करायची, एवढं आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं. मग एकानं माणसं चढवली, दुसऱ्यानं उतरवली, आणि दोघांचंही बरोबर कसं ठरलं?

माझा आतेभाऊ हे सगळं छत्रीखाली उभा राहून बघत होता. तो राहायला धायरीला, कामाला भोसरीला. त्याला जुनी गाडी घ्यायची होती आणि दोन गाड्या त्याच्या मनात भरल्या होत्या: एक २०१३ ची इंडिका, एक २०१३ ची सुमो गोल्ड, दोन्ही डिझेल. "दादा, मोठी घेऊ की छोटी?" हा प्रश्न तो महिनाभर विचारत होता. माझ्या मते प्रश्न मोठ्या-छोट्याचा नव्हताच. त्या चिखलात दिसलं ते नीट समजून घेतलं की त्याचं उत्तर त्याचं त्यालाच सापडणार होतं.

एकाच गावच्या दोघी

या दोन्ही गाड्या आपल्या पिंपरी-चिंचवडच्या. टाटांचा इथला कारखाना १९६६ पासूनचा. जुने कामगार आजही त्याला 'टेल्को'च म्हणतात, कंपनीचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं तरी. सुमो आली १९९४ मध्ये. नाव ऐकून जपानी पैलवान डोळ्यांसमोर येतो, पण ते आलंय सुमंत मुळगावकर यांच्या नावातून: सुमंतचा 'सु' आणि मुळगावकरच्या इंग्रजी स्पेलिंगमधला 'मो'. हा कारखाना उभा करणारा हा माणूस. चारच वर्षांनी, ३० डिसेंबर १९९८ ला, इंडिका बाजारात आली. इंडिकाचं उत्पादन २०१८ मध्ये थांबलं, सुमोचं २०१९ मध्ये. पण नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांतून फिरलात तर दोघींचं सामान आजही मिळतं, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत ही गोष्ट फार मोलाची आहे.

गाव एक, पण घडण उलटी. सुमो ट्रकच्या कुळातली. इंडिका घरगुती मोटारीच्या कुळातली. लांबीत अर्ध्या मीटरहून जास्त फरक आहे: इंडिका ३.७ मीटरच्या आत, सुमो गोल्ड सव्वाचार मीटरच्या किंचित पुढे. तरी पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर मात्र दोघींचं जवळजवळ सारखं, सुमारे २.४ मीटर. ही जादा लांबी सगळी चाकांच्या पुढे-मागे लोंबते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ओढणारी आणि ढकलणारी

इंजिन दोघींचंही पुढेच, बॉनेटखाली. पण इंजिनाचा जोर कुठल्या चाकांना मिळतो, इथं वाटा फुटतात.

सुमोत इंजिन गाडीच्या लांबीत, उभं बसवलेलं असतं. त्याच्या मागे क्लच, त्याच्या मागे गिअरबॉक्स, आणि तिथून एक लांब पोलादी दांडा गाडीच्या पोटाखालून थेट मागच्या आसापर्यंत जातो. हा प्रोपेलर शाफ्ट. खड्ड्यात मागचा आस वरखाली होतो, गिअरबॉक्स मात्र जागेवर असतो. म्हणून या दांड्याच्या टोकांना मनगटासारखे वाकणारे सांधे असतात, गॅरेजमध्ये त्यांना 'क्रॉस' म्हणतात. दांडा फिरतो गाडीच्या लांबीभोवती, चाकाला फिरायचं असतं रुंदीभोवती. म्हणजे फिरण्याची दिशा काटकोनात वळवायला हवी. जुन्या विहिरीवरचा रहाट आठवा: बैल जमिनीवर गोल फिरतो आणि लाकडी दातांच्या दोन चाकांमुळे गाडग्यांची माळ उभी फिरते. तेच काम सुमोच्या मागच्या आसात क्राउन-पिनियन ही दात्यांची जोडी करते. मग मागची चाकं फिरतात आणि गाडी पुढे ढकलली जाते. हातगाडीवाला मागून जोर लावतो, तशी.

इंडिकात इंजिन आडवं असतं, एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे. त्यालाच चिकटून गिअरबॉक्स, आणि तिथून दोन आखूड दांडे थेट पुढच्या दोन चाकांना. इंजिन आधीच चाकांच्या दिशेनं फिरतंय, त्यामुळे रहाटाचा काटकोन नाही, लांब दांडा नाही, पोटाखाली काही नाही. पुढची चाकं गाडीला ओढत नेतात, बैलगाडीसारखी.

याचा परिणाम आत बसल्यावर लगेच कळतो. सुमोत पाय उंच टाकून चढावं लागतं, कारण पायाखाली चासी, दांडा आणि आस यांना जागा सोडलेली असते. इंडिकात सगळी यंत्रं नाकाशी आवळून बसवल्यामुळे एवढ्याशा लांबीत पाच माणसं मावतात. काटकोनात जोर वळवताना दाते एकमेकांवर घासतात, तेल तापतं, थोडा जोर तिथंच खर्च होतो. सुमोचा उंच, रुंद चेहरा वाऱ्याला अडतो आणि तिचं वजनही जास्त. सुमो जास्त डिझेल का पिते, याची काही कारणं ही अशी.

वजन कुठं बसतं

आता चिखलाकडे येऊ. खोडरबर कागदावर अलगद फिरवलं तर घसरतं, दाबून फिरवलं की धरतं. टायरचंही तसंच. चाकाला जमिनीची पकड किती मिळणार, हे दोन गोष्टींवर ठरतं: जमीन कशी आहे आणि त्या चाकावर वजन किती आहे. चिखल आपल्या हातात नाही. वजन आहे.

या दोन्ही गाड्यांत जोर फक्त दोन चाकांना मिळतो, म्हणून पूर्ण गाडीच्या वजनाचा इथं उपयोग नाही. फिरणाऱ्या चाकांवर किती वजन आहे, तेवढंच कामाचं. उरलेल्या दोन चाकांवरचं वजन म्हणजे नुसतं ओझं, जे ओढायचं किंवा ढकलायचं आहे.

रिकाम्या सुमोत जड इंजिन पुढे आणि जोर मागे. मागे नुसता पत्रा आणि रिकामे बाक. म्हणून तिचं मागचं चाक अलगद फिरवलेल्या खोडरबरासारखं घसरलं. आम्ही चौघं मागे बसलो आणि खोडरबर दाबलं गेलं. ते नुसतं आमच्या वजनाएवढं दाबलं गेलं नाही, जास्त दाबलं गेलं. ज्यांनी बैलगाडी जुंपली आहे त्यांना हे सांगायला नको: चाकाच्या मागे ओझं जास्त झालं की गाडी उलार होते आणि बैलांच्या मानेवरचं जू वर उचललं जातं. सुमोचे मागचे बाक तसेच आसाच्या मागे पडतात. समजा, ६० किलोचा माणूस मागच्या आसाच्या अर्धा मीटर मागे बसला. पुढच्या-मागच्या आसांमध्ये २.४ मीटर. मग मागच्या चाकांवर ६० नाही, साधारण ७२ किलोंची भर पडते. वरचे १२ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. आम्हा चौघांनी मिळून मागच्या चाकांना तीनशे किलोंच्या आसपास दाब दिला. ती लोंबती लांबी इथं कामाला आली.

इंडिकात इंजिन, गिअरबॉक्स आणि जोर मिळणारी चाकं, सगळं एकाच जागी. त्यामुळे रिकामी असताना तिची पकड उत्तम. पण मागे तिघं बसले की त्यांचं बहुतेक वजन मागच्या चाकांवर जातं, जी काहीच काम करत नाहीत, फक्त चिखलात खोल रुततात. ते तिघं उतरले तेव्हा ओढायचं ओझं दीडशे-दोनशे किलोंनी उतरलं आणि ओढणाऱ्या चाकांवरचं वजन जवळजवळ तेवढंच राहिलं.

दोन्ही चालकांनी हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं तीच गाडी चालवून त्यांच्या हाताला ते कळलं होतं.

एका चाकाचा दगा

इथं एक जोडप्रश्न उरतो. सुमोचं मागचं एकच चाक खड्ड्यातल्या पाण्यात होतं, दुसरं बऱ्यापैकी कोरड्या मुरमावर. मग कोरड्यावरच्या चाकानं गाडी बाहेर का काढली नाही?

गणपतीच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरून अलका टॉकीजच्या चौकात ढोल पथकाची ओळ वळताना पाहा. आतल्या बाजूचा वादक जवळजवळ जागेवरच पाय हलवतो, बाहेरच्या बाजूचा लांब टांगा टाकतो. तेव्हा कुठं ओळ सरळ राहते. गाडी वळतानाही आतलं चाक कमी आणि बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर वळणावर एकाला फरफटत जावं लागेल. दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरायची मुभा देणारी यंत्रणा म्हणजे डिफरन्शिअल. सुमोत ती मागच्या आसात असते, इंडिकात गिअरबॉक्सच्याच पोटात.

तिचा स्वभाव असा, की दोन्ही चाकांना ती सारखाच जोर देते. एक चाक चिखलात असेल तर ते फिरवायला जेमतेम जोर लागतो. तेवढाच जेमतेम जोर कोरड्यावरच्या चाकालाही मिळतो, आणि तेवढ्यानं गाडी हलत नाही. म्हणून एक चाक गरगरतं आणि दुसरं स्वस्थ बसून राहतं.

आमचा सुमोवाला यावरचा उपायही जाणून होता. त्यानं हँडब्रेक अर्धा ओढून ठेवला होता. हँडब्रेक लागतो मागच्या चाकांना. गरगरणाऱ्या चाकाला अडवलं, की त्याला फिरवायला जास्त जोर लागतो आणि मग दुसऱ्यालाही तेवढा जास्त जोर मिळतो. ही युक्ती मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीलाच लागू. इंडिकात हँडब्रेक ओढला तर ओढणाऱ्या चाकांवर काहीच परिणाम होत नाही, मागे मात्र खुंटी मारल्यासारखं होतं.

"पण सुमो म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हच ना?" हे मला कितीतरी जणांनी विचारलंय. नाही. उंच, दणकट दिसणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्या, सुमो असो, बोलेरो असो की स्कॉर्पिओ, दोनच चाकांवर चालतात. चारही चाकांना जोर देणारे प्रकार काही गाड्यांत वेगळे मिळायचे. मारुती जिप्सी तशी, आणि १९९८ च्या सफारीतही तो पर्याय होता. असा प्रकार विकत घेताना आत दुसरा छोटा दांडा किंवा बटण आहे का, आणि ते खरंच काम करतं का, हे बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नये. नुसतं मागच्या दारावरचं अक्षर वाचून पैसे मोजलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांचं मला वाईट वाटतं.

शिडी आणि डबा

दुसरा मोठा फरक डोळ्यांना दिसत नाही, गाडीखाली वाकल्यावर दिसतो. सुमोखाली पोलादाच्या दोन लांब तुळया आहेत आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे: शिडी आडवी टाकावी तसं. ही चासी. इंजिन, आस, सगळं या शिडीला बांधलेलं आणि माणसं बसायची खोली वरून बोल्टांनी बसवलेली. इंडिकात शिडी नाही. तिचा पत्राच दुमडून, ठिपक्या-ठिपक्यांनी जोडून असा डबा केलाय की तो डबाच सगळा भार पेलतो.

घरातला पत्र्याचा डबा हलका असूनही मजबूत असतो, पण एकदा कोपऱ्यावर आपटला की झाकण नीट बसत नाही. जुन्या इंडिकाला कधी मोठी ठोकर बसली असेल तर तेच होतं: दार लावताना उचलून लावावं लागतं, बॉनेटच्या दोन बाजूंच्या फटी कमी-जास्त दिसतात. सुमोचा पत्रा कितीही चेपला तरी शिडी शाबूत असेल तर गाडी सरळ धावते. पण शिडीच वाकली किंवा कुजली, तर वरचा ताजा रंग कितीही चकचकीत असो, त्याला अर्थ नाही.

आतेभावाबरोबर मी दोन्ही गाड्या बघायला गेलो. पर्वतीजवळच्या एका गॅरेजमधले मिस्त्री आमच्या ओळखीचे. त्यांनी सुमो खड्ड्यावर घेतली, खाली उतरले आणि आधी इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. प्रोपेलर शाफ्टवर क्रॉसच्या दोन्ही बाजूंना दोन हात ठेवले आणि उलट-सुलट पिळलं. कट, कट असा बारीक आवाज आला. "काका, म्हणजे काय?" आतेभावानं विचारलं. मिस्त्रींनी त्याचाच हात धरून दांड्यावर ठेवला. "पिळ. लागतंय का हाताला? सुया झिजल्यात आतल्या." क्रॉसच्या टोकांना आत सुयांसारखे बारीक बेअरिंग असतात. ग्रीस भरायचं राहिलं आणि पावसाचं पाणी आत गेलं की आधी त्याच जातात. हा खर्च मोठा नाही. मग त्यांनी बॅटरी मारून चासी पाहिली. चिखल साचतो त्या कोपऱ्यांवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ठोकत गेले. ठण, ठण, ठण. एके ठिकाणी आवाज बद्द आला. तिथं पापुद्रे निघाले. "हा खर्च मोठा," ते म्हणाले.

इंडिकाची पाळी आली तेव्हा त्यांनी पुढची चाकं एका बाजूला पूर्ण वळवली आणि चाकामागे बोट घातलं. पुढच्या चाकाला दोन कामं करावी लागतात, फिरायचंही आणि वळायचंही. म्हणून तिथले सांधे खास असतात, सीव्ही जॉइंट. कितीही वळवलं तरी ते एकसारखा वेग देतात. त्यांच्यावर रबराची चुण्या-चुण्यांची टोपी असते, गॅरेजमध्ये तिला 'बूट' म्हणतात. बूट फाटला तर ग्रीस उडून जातं, वाळू आत जाते आणि थोड्या महिन्यांत सांधा संपतो. मिस्त्रींचं बोट कोरडं बाहेर आलं. रिंगच्या आतल्या अंगाला ग्रीसचे काळे शिंतोडेही नव्हते. "बूट बरे आहेत," एवढंच म्हणाले.

चौकट: कान आणि बोटं

सुमोसारखी मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पहिला गिअर टाकून क्लच सोडताना आणि मग रिव्हर्स टाकून सोडताना पोटाखालून 'ठक्' येतो का, ऐका. आला तर क्रॉस किंवा क्राउन-पिनियन सैल. ठरावीक वेगाला मागून घूं-घूं येत असेल आणि पाय अॅक्सिलरेटरवरून काढल्यावर तिचा सूर बदलत असेल, तर मागच्या आसातले दाते झिजलेत. इंडिकासारखी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल चक्कर मारा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. टक-टक-टक ऐकू आलं तर सीव्ही जॉइंट गेलाय. अशा गाडीचे पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून चारही टायर सारखेच नवे दिसले तर ते नुकतेच बदललेत का, विचारा. आणि गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जा.

घाटात कोण दमतं

मराठी माणूस गाडी घेताना घाट विचारात घेतोच. इथं टॉर्क हा शब्द कानावर पडतो. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. २०१३ च्या सुमो गोल्डचं इंजिन ३ लिटरचं, त्याचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर. त्याच काळातल्या डिझेल इंडिकाचं १.४ लिटरचं, टॉर्क १४०. मीटरभर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण २५ किलोंचं पोतं लटकवलं तर नटावर जो पीळ पडेल, तेवढा सुमोचा. १४ किलोंचं लटकवलं तर इंडिकाचा.

आकडे बघून सुमो एकतर्फी जिंकली असं वाटेल. पण सुमो पावणेदोन टनांच्या पुढे आणि इंडिका टनापेक्षा थोडीच जास्त. वजनानं भागून बघितलं तर दोघी जवळजवळ बरोबरीला येतात. माणसं भरल्यावरही तेच गणित: पाच जण घेऊन खंबाटकी चढताना इंडिकाची जी दमछाक होते, तीच सुमोची आठ जण घेऊन होते. म्हणजे आठ माणसं न्यायची असतील तर सुमोला तोड नाही. दोनच न्यायची असतील तर सुमो दोन माणसांबरोबर स्वतःचंच जास्तीचं पाऊण टन ओझं रोज वाहून नेते. शिवाय सुमोचा सगळा जोर इंजिनाच्या १००० ते २००० फेऱ्यांमध्ये. हळू चालीनं ओझं ओढायला ती घडलेली आहे. द्रुतगती मार्गावर पुढच्या गाडीला ओलांडताना इंडिका जास्त हलकी वाटते.

पावसाळी वळणांवरचा फरकही सांगतो, कारण तो जिवाशी निगडित आहे. एका हातात भाजीची जड पिशवी असेल तर त्याच हातानं कुलूप उघडणं कठीण जातं. इंडिकाची पुढची चाकं ओढायचं आणि वळायचं अशी दोन्ही कामं करतात. ओल्या वळणावर जोरात अॅक्सिलरेटर दाबला तर पकड ओढण्यातच संपते, वळायला उरत नाही, आणि गाडीचं नाक वळणाच्या बाहेर सरकतं. अशा वेळी पाय हळूच काढला की ती पुन्हा ओळीत येते, आणि घाबरलेला माणूस पाय काढतोच. सुमोत उलटं. ओल्या वळणावर जोर जास्त झाला की मागची बाजू बाहेर झुकते, विशेषतः रिकामी असताना. तिला सावरायला सराव लागतो. त्यात सुमो उंच, म्हणून वळणावर कलतेही जास्त. नवशिक्या हाताला पावसात इंडिका जास्त माफ करते, हे माझं स्पष्ट मत आहे.

उतरताना मात्र ओढणारी काय आणि ढकलणारी काय, नियम एकच. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन स्वतःच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. जास्त वजनाच्या गाडीत ब्रेक जास्त तापतात, म्हणून भरलेल्या सुमोत हे दुप्पट लक्षात ठेवायचं.

कागदांचं आयुष्य

यंत्राइतकाच कागद महत्त्वाचा, पण तो थोडक्यात सांगता येतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१३ ची गाडी २०२८ मध्ये तपासणीला न्यावी लागणार, पास झाली तर पुढची पाच वर्षं मिळतात. या नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं, आणि आपल्या राज्यात १५ वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो. गाडी स्वस्त मिळाली म्हणून हुरळून जाताना ही तारीख आधी मोजावी.

पुण्यात भारत स्टेज ४ हे प्रदूषणाचे निकष एप्रिल २०१० पासून लागू झाले, उरलेल्या सगळ्या देशात एप्रिल २०१७ पर्यंत. त्यामुळे एकाच वर्षाच्या, एकाच नावाच्या दोन गाड्यांत इंजिन वेगळं असू शकतं: एक एमएच-१२ पासिंगची, दुसरी लांबच्या जिल्ह्यातली. आरसीवर निकष लिहिलेला असेल तर तो वाचा. बँकेचा बोजा उतरलाय का, तेही तिथंच कळतं.

आणि इंडिका-सुमोच्या बाबतीत एक खास तपासणी. या दोन्ही गाड्या पुण्यात वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून धावल्या. हिंजवडीच्या कंपन्यांची माणसं रात्रंदिवस यांनीच नेली-आणली. काही गाड्या नंतर पिवळी पाटी काढून खासगी झाल्या. मीटरवर ८० हजार किलोमीटर आणि अॅक्सिलरेटरच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, असं दिसलं तर मीटरवर नको, पेडलवर विश्वास ठेवा.

महिन्याची वही

आतेभावाला मी एवढंच सांगितलं, की पुढचा महिनाभर रोज कुठं गेलास, बरोबर किती माणसं होती आणि ती कुठं बसली, हे वहीत लिही. त्यानं मनापासून लिहिलं. तीस दिवसांपैकी चोवीस दिवस तो एकटा किंवा बायकोबरोबर, धायरी ते भोसरी. दोन दिवस मुलं आणि आई धरून पाच जण. चार दिवस गाडी जागेवरच. मागच्या बाकांवर बसतील अशी माणसं, किंवा मागे टाकावीत अशी पोती, एकदाही नाहीत. भात काढल्यावर गावाहून तांदूळ आणायचा असतो, पण ती वर्षातली एक खेप, आणि तिला गावातला टेम्पो मिळतो.

त्यानं इंडिका घेतली. वहीत पाच जणांऐवजी आठ जण असते, मागे रोज दुधाचे कॅन किंवा भाजीच्या जाळ्या असत्या, तर चासी कुजलेली नसलेली दुसरी सुमो शोधायला मीच त्याच्याबरोबर फिरलो असतो.

सप्टेंबरात आम्ही त्याच गाडीतून आत्याकडे गेलो, पाच जण. सपाट तुकडा बरा सुकला होता, पण अंगणापुढच्या चढावर शेवाळ होतं. चढावर गाडीचं वजन मागे कलतं. ओढणाऱ्या पुढच्या चाकांवरचं वजन कमी होतं, आणि अर्ध्या चढात ती गरगरायला लागली. आतेभावानं गाडी हळूच खाली घेतली, सगळ्यांना उतरवलं आणि सपाटीवर गाडी पूर्ण फिरवून तिची पाठ घराकडे केली. आता इंजिन, गिअरबॉक्स आणि ओढणारी चाकं चढाच्या खालच्या अंगाला आली होती, म्हणजे चढामुळे कलणारं वजन नेमकं त्यांच्याच अंगावर येणार होतं. मी मागे उभा राहून हातानं दिशा दाखवत होतो. त्यानं रिव्हर्स टाकला, क्लच अलगद सोडला, आणि एकदाही न घसरता गाडी पाठमोरी अंगणात येऊन उभी राहिली. आत्या दारात तांब्या-भांडं घेऊन थांबली होती.

"अरे, तोंड तिकडं करून का आलास?" तिनं विचारलं.

आतेभाऊ उतरला, बॉनेटवर हात ठेवला आणि तिला वजनाची गोष्ट सांगायला लागला.